नटाचे तीन फेरे

वापी, हायवेवरचा ढाबा
२४ ऑक्टोबर २०२४

समाधानभाऊ,

मी जिवंत आहे आणि पंक्चर काढतोय. आधी एवढंच सांगतो, बाकीचं मागून. फोन लावत बसू नकोस, सिम मी रेल्वेच्या खिडकीतून तापीत टाकलं. मग सुरतेला उतरलो तर तिथेही तापीच. म्हटलं, घ्या, हिचं आणि माझं तिकीट एकच. सिम पण माझ्या मागोमाग आलं असेल पोहत.

इथं ढाब्याच्या बाजूला टायरचं दुकान आहे. मालक केरळचा, हिंदी माझ्यापेक्षा चांगली बोलतो. ट्रकचं टायर काढायला शिकलो. एक टायर माझ्या छातीएवढं येतं. बुऱ्हाणपूरला आपण दोघं मिळून काढत होतो ना मामाच्या गाडीची चाकं, ते म्हणजे खेळणंच होतं यार.

मामा कसा आहे? गाडी कुठं ठेवलीय? छपराचं कापड फाटलं का? त्या रात्रीपासून मला कापडाचीच काळजी लागलीय, का कुणास ठाऊक. बत्तीस वर्षांची गाडी, दोन माणसांची, हिरवी, नेपानगरच्या रिटायर साहेबाकडून मामानं आणली तेव्हा मी मांडीवर बसून आलो होतो म्हणे. मोठी चाकं लावल्यावर काय दिसत होती! तू पण म्हणालास, "बसली बुवा, आता वाघासारखी बसली." खोटं सांगू नकोस, म्हणाला होतास.

जे झालं ते झालं. दसऱ्याचा दिवस, चार चाकांखाली चार लिंबं ठेवली होती, झेंडूचा हार होता, तरी झालं. चाक स्वतःच्या मर्जीनं निघालं आणि स्वतःच्या मर्जीनं गेलं. मी ब्रेकवर उभा होतो, कसम से. ती बाई बरी आहे ना?

तुला न सांगता आलो म्हणून राग धरू नकोस. सांगायला आलो असतो तर निघालोच नसतो. पत्ता वर आहे, महिनाभर इथेच आहे. बहुतेक.

तुझा
गोटू


बुधवारा, बुऱ्हाणपूर
४ नोव्हेंबर २०२४

गोटू,

न सांगता गेलास याचा राग नाही. तू गेल्याचं मला दोन दिवस कळलंच नव्हतं, तू असाही कुठे असतोस.

मामा बरा आहे. पोलिसांत गाडीचे कागद घेऊन तोच गेला, सगळं आपल्या अंगावर घेतलं, मिटवलं. तुझं नाव निघू दिलं नाही. गाडी मागच्या अंगणात ताडपत्रीखाली आहे, तीन चाकांवर. कापड शाबूत आहे. खूश?

बाईचं नाव भागाबाई. केळीच्या वखारीत घड वाहते. वाहत होती. चाक तिच्यावरच गेलं, गुडघा फुटलाय.

आता माझं ऐक. चाकासोबत माझी प्लेट रस्त्यावर पडली होती. हब आणि चाकाच्या मध्ये मी जो एक इंचाचा स्पेसर बसवायला दिला, तो. त्याच्यावर ठसा आहे, गोलातला 'ग'. माझ्या बापाचा ठसा. गजानन मिस्त्री खरादीच्या लेथवरून उतरलेल्या प्रत्येक वस्तूवर तो मारायचा, गेल्या तीन वर्षांपासून मी मारतो. बहादरपूरच्या रस्त्यावर जमलेल्या माणसांनी ती प्लेट उचलून पाहिली, ठसा वाचला, आणि तू तापीत सिम टाकायच्या आत बुधवाऱ्यात बातमी आली होती: गजाननच्या पोरानं कच्चा माल लावला, प्लेट फुटली, बाईचा पाय गेला.

मोठी चाकं तू इंदूरच्या भंगारातून आणलीस. ती आतून दांडीला घासत होती म्हणून बाहेर सरकवायला स्पेसर मागितलास, मी केले. करताना काय बोललो ते तुला आठवत असेलच. चाक इंचभर बाहेर आलं की बोल्ट इंचभर तोकडा पडतो. जुना बोल्ट चालणार नाही, लांब बोल्ट पाहिजेत, ते मी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी करून देतो. तोवर गाडी जॅकवरून उतरवायची नाही. आणि बापाचं वाक्य पण सांगितलं: नटाला सात फेरे पडल्याशिवाय नवरी दारातून काढायची नाही.

मला एकच विचारायचंय. किती फेरे पडले होते?

समाधान


भुज
२९ नोव्हेंबर २०२४

समाधानभाऊ,

तुझं पत्र वापीच्या मालकानं इकडे पाठवलं, भला माणूस. मी इकडे आलो कारण एक ट्रकवाला म्हणाला, मीठ पाहिलंयस का कधी, जमीनभर? मी म्हटलं नाही. तो म्हणाला, बस. बसलो. भाऊ, खरंच जमीनभर मीठ आहे. चालताना पापडासारखं मोडतं. उंट पण बघितला जवळून, त्याचं तोंड डिट्टो आपल्या शाळेतल्या ड्रिलच्या सरांसारखं. मला बघून तसाच तुच्छपणे चघळत होता.

आता टायर रिमोल्डच्या कारखान्यात आहे. जुनं टायर घासून नवं रबर चढवतात, वास असा की जेवण जात नाही. तुला आवडेल इथलं मशीन, वाफेवर चालतं.

फेऱ्यांचं म्हणशील तर कोण मोजतो यार. पाना लावला, घट्ट झाला की झाला. तू नेहमीच असं करतोस, एक गोष्ट धरली की धरली. चाळीस गोष्टी असू शकतात. भंगारातली चाकं होती, त्यांची भोकं ओबडधोबड असतील. रस्त्यात खड्डे होते. प्लेटमध्ये कणी, बारीक तडा असेल आतून, बाहेरून दिसत नाही कधी कधी. तुझी चूक म्हणत नाही मी! अल्युमिनियम विकणारा काय माल देतो ते तुला तरी काय माहीत. लोकांचं काय मनावर घ्यायचं, लोक चार दिवस बोलतात.

दराबा पाठवशील का थोडा? इथं गोड मिळतं पण तसं नाही. राहू दे, पोहोचेपर्यंत मी असेन की नाही.

गोटू


बुधवारा
१२ डिसेंबर २०२४

गोटू,

लोक चार दिवस बोलतात ना? दोन महिने झाले.

मोतीलालसेठच्या लूमची दात-चक्रं माझ्या बापाच्या वेळेपासून आमच्या खरादीवर होतात. मागच्या आठवड्यात त्यांनी तयार झालेली अकरा चक्रं पोत्यात घालून परत पाठवली. पोतं आणणारा म्हणाला, "सेठ म्हणाले, वाईट वाटून घेऊ नको, पण लूमवर पोरी उभ्या असतात." मी एकेक काढून पाहिलं. पहिल्या चक्रावरचा ठसा कुणीतरी कानशीनं घासून काढला होता. म्हणजे लावायचा विचार होता त्यांचा, नाव काढून. मग तोही सोडला.

बापानं कमावलं काय? ना घर, ना शेत. एक ठसा. 'ग' बघून बुधवाऱ्यात माणूस वस्तू परत मोजून बघत नव्हता.

मग मी बहादरपूरला गेलो. प्लेट वखारीसमोरच्या चहावाल्याकडे होती, किटलीखाली ठेवतो तो. मागून आणली. घासलेटात बुडवली, पुसून कोरडी केली, वर खडूची पूड फासली. तडा असता तर आत शिरलेलं घासलेट खडूवर रेघेसारखं उमटलं असतं. एक तास बसलो समोर. रेघ नाही. बाहेर नाही, आत नाही, भोकाच्या कडेला नाही. तुझी ती 'कणी' कुठे नाही गोटू.

मामाच्या अंगणात जाऊन हबही पाहिला. चारांतले तीन बोल्ट टोकाशी तुटलेत, चौथ्याचे आटे सोलून निघालेत. टोकाचेच, तीनच आटे. बाकी बोल्ट कोरा. म्हणजे नट फक्त टोकाला धरून होते. मला उत्तर कळलंय, तरी तुझ्या तोंडून पाहिजे, कारण माझं कोण ऐकतो? प्लेट मोतीलालसेठला दाखवली तर म्हणतात, खडू तुझा, घासलेट तुझं, प्लेट तुझी.

म्हणून मला कागद पाहिजे. फोन नको, निरोप नको. तुझ्या हाताचा कागद. चार गोष्टी लिही. एक, लांब बोल्ट येईपर्यंत थांब असं समाधाननं सांगितलं होतं. दोन, मी थांबलो नाही, जुन्याच बोल्टावर चाक चढवलं. तीन, नटाला किती फेरे पडले. चार, प्लेट फुटली नव्हती. खाली सही. त्यात उंट नको, मीठ नको, एकही शब्द जास्तीचा नको.

समाधान


हंपीजवळ कुठेतरी, पत्ता मागे लिहिलाय
२० जानेवारी २०२५

समाधानभाऊ,

तुझं पत्र तीनदा वाचलं. तू वकील व्हायला पाहिजे होतास.

मी एका हॉटेलात स्कूटरी भाड्यानं देतो. गोरे लोक येतात, हेल्मेट घालतात आणि पायात चप्पल पण नसते. काल एकानं विचारलं, तुझं गाव कुठलं. सांगितलं. म्हणाला, तिथं काय आहे? मी म्हटलं, केळी. आणि मग मला पुढे काहीच सुचेना, तुला खरं सांगतो. जिलेबी सांगायची होती, मावा-जिलेबी, तिला इंग्रजीत काय म्हणणार.

चार गोष्टी लिही म्हणतोस. पाचवी मी सांगतो. दसऱ्याच्या सकाळी मी तुझ्या दारात आलो होतो. हातापाया पडलो. रॉड आणलेला होता तुझ्याकडे, कापलेला होता, आटे पाडायचे बाकी होते. दोन तासांचं काम. तू काय म्हणालास? "मशीनला हार घातलाय, पुजलेल्या मशीनचं बटण आज दाबायचं नाही. उद्या ये." समोर खरादीला हळद-कुंकू लावून तू पाटावर बसला होतास, जसा काही तूच देव. दसरा उद्या येणार होता का रे? वर्षभर त्या गाडीखाली झोपलो मी. मामा पहिल्यांदा म्हणाला होता, गोटूनं काहीतरी पुरं केलं. पहिल्यांदा! सोनं द्यायला त्या गाडीतून जायचं होतं मला, दुसऱ्या दिवशी नाही. तुझ्या बापाचा ठसा आणि तुझ्या मशीनचा हार. बाकीच्यांना काही नसतंच.

तू बटण दाबलं असतंस तर चाक निघालं नसतं. हे पण लिहू का कागदावर?

आणि मी काय सांगितलं, कुणी काय ऐकलं, हे कसं ठरवणार? शंभर माणूस जमा झालं होतं, आरडाओरडा चालला होता. त्या वेळी माणूस काहीही बोलून जातो.

गोटू


बुधवारा
८ फेब्रुवारी २०२५

गोटू,

"मी काय सांगितलं" असं लिहिलंयस. मी तुला विचारलंच नव्हतं की तू कुणाला काय सांगितलं.

ते वाक्य आठ दिवस डोक्यात फिरलं. मग मी भागाबाईकडे गेलो. पहिल्यांदाच गेलो, चार महिन्यांनी. आधी गेलो असतो तर लोक म्हणाले असते, बघा, मनाला खातंय म्हणून आला. तेवढ्यासाठी गेलो नव्हतो. आता लिहिताना कळतं हे कसं दिसतं ते.

अंगणात खाटेवर बसली होती. पाय समोर लाकडासारखा. मी नाव सांगितलं. म्हणाली, "प्लेटवाला ना तू?" मी म्हटलं, हो. म्हणाली, "तुझं नाव मला त्याच दिवशी कळलं. मी खाली पडलेली होती, तोंडात माती होती. तो गाडीवाला पोऱ्या उभा होता इथं, माझ्या डोक्यापाशी. त्याचे बूट दिसत होते मला. माझ्याकडं नाही पाहिलं त्यानं. लोकांनी त्याची कॉलर धरली तशी वरडला, 'माझी चूक नाही, समाधाननं प्लेट कच्ची दिली, बुधवाऱ्याचा समाधान, गजानन मिस्त्रीचा!' दोनदा वरडला. मग लोकांनी प्लेट उचलली आणि ठसा शोधला."

आधी तू नाव सांगितलं, मग त्यांनी ठसा वाचला. मी चार महिने उलटं समजत होतो. मला वाटत होतं, ठशानं मला पकडून दिलं.

मशीनचं म्हणतोस ते खरं आहे. बटण दाबलं असतं तर चाक राहिलं असतं. हे मी रोज पहाटे उठल्यावर म्हणतो, तू शिकवायची गरज नाही. बाप असता तर त्यानंही दाबलं नसतं, आणि तुला गाडीची किल्लीही हातात ठेवू दिली नसती. मी ती घेतली नाही तुझ्याकडून. ही माझी चूक, ती मी कुणाच्या नावावर टाकलेली नाही.

कागद पाठव. नाहीतर यापुढे पत्र पाठवू नको.

समाधान


हंपी
२ मार्च २०२५

मी, गौरव ऊर्फ गोटू, राहणार बुऱ्हाणपूर, माझ्या हातानं लिहून देतो.

मामाच्या जुन्या स्पोर्ट्स गाडीला मी मोठी चाकं बसवली. त्यासाठी समाधान मिस्त्रीनं स्पेसर करून दिले. लांब बोल्ट तयार होईपर्यंत गाडी चालवू नको, असं त्यानं मला स्पष्ट सांगितलं होतं.

मी थांबलो नाही. दसऱ्याच्या दिवशी जुन्याच बोल्टांवर चाकं चढवली.

नट लावताना मी फेरे मोजले होते. तीन पडले. चौथ्याला नट नुसताच फिरला. पुढच्या डाव्या चाकाचे चारही नट तसेच होते. मला माहीत होतं. तरी गाडी काढली. बहादरपूरच्या रस्त्यावर ते चाक निघालं.

स्पेसर फुटला नव्हता. तो मी तेव्हाच रस्त्यात अख्खा पडलेला पाहिला. तरी लोकांना सांगितलं की तो फुटला. ते खोटं होतं. समाधानचा यात काही दोष नाही.

गौरव


बुधवारा
२५ मार्च २०२५

गोटू,

कागद मिळाला. अक्षर चांगलं काढलंयस. दोन ओळींच्या मध्ये कुठे उंट नाही.

तो घेऊन मी मोतीलालसेठकडे गेलो. लूमच्या खडखडाटात त्यांनी चष्मा लावून उभ्या उभ्याच वाचला, मग दारात येऊन परत वाचला. म्हणाले, "पोरगा वाघ निघाला! आजकाल कोण असं लिहून देतो?" तिथं बसलेल्या चौघांना वाचून दाखवला. चौघंही म्हणाले, खानदानी पोरगा, चुकला पण कबूल केलं. चहा मागवला. मी उभा होतो तसाच उभा होतो, कप हातात. बुधवाऱ्यात आता तुझं नाव आहे. मामानं ऐकलं, त्याचे डोळे भरून आले म्हणे. ये कधी तरी, हार घालतील.

ती अकरा चक्रं सेठनी परत मागवली. घासलेल्या चक्रावर मी नवा ठसा मारून दिला. काम सुरू झालंय. जे मागितलं होतं ते मिळालं, त्याबद्दल तक्रार नाही.

काल तोच कागद घेऊन बहादरपूरला गेलो. वाटलं, तिलाही कळावं की प्लेट माझी चांगली होती. भागाबाई उन्हात खाटेवर होती. वाचता येत नाही तिला, मी वाचून दाखवला. शेवटपर्यंत ऐकलं तिनं. म्हणाली, परत वाच. परत वाचला. "चाक निघालं," तिथं तिनं मला थांबवलं.

"मंग? निघालं आणि कुठं गेलं?"

मी म्हटलं, इतकंच लिहिलंय.

"नट शेत, फेरे शेत, तू शेस, तो शे. मन्हं नाव शे का त्यात?"

तिचं नाव कुठे आहे म्हणून मी कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती. आणि तेव्हा आठवलं, की काय लिहायचं ते तुला मीच सांगितलं होतं. मोजून चार गोष्टी. एकही शब्द जास्तीचा नको म्हणालो होतो.

मी कागदाची घडी घातली. ती म्हणाली, "तुम्हां दोघांचं जमलं ना? मग ठेव खिशात. आणि जाताना सुनेला हाक मार, ऊन पायावर आलंय."

हाक मारली. निघालो.

समाधान